‘अंत्यविधी व स्मरण’मध्ये पहिला

ज्याला आपल्या मेलेल्यांसाठी रडता येत नाही, त्याला जिवंतांबरोबर नाचण्याचा अधिकार नाही, असं आम्हा ग्रीसमधल्या एपिरसच्या डोंगरातल्या लोकांचं पूर्वापार म्हणणं आहे. निदान पेत्रोव्रिसी या गावाच्या ग्रामबंधू मंडळाच्या पत्रकावर ते दर वर्षी छापलेलं असतं आणि त्याच्या खाली प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने देणाऱ्याची जाहिरात असते. पत्रकाबाहेर हे वाक्य कोणी उच्चारलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

प्रथा मात्र खरी आहे. आमच्याकडे जत्रा विलापाने सुरू होते. चौकातल्या चिनाराखाली टेबलं मांडलेली असतात, कोकरू अजून निखाऱ्यावर फिरत असतं, आणि क्लॅरिनेटवाला खुर्चीत बसून, कोणाकडे न बघता, वर्षभरात गावातून गेलेल्यांसाठी वाजवतो. शब्द नाहीत. कोणी नाचत नाही, कोणी काट्याचमच्याचा आवाज करत नाही. सगळे आपापल्या रिकाम्या ताटाकडे बघत बसतात. मग तोच क्लॅरिनेटवाला उभा राहून पहिला नाच धरतो, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर येईपर्यंत कोणी थांबत नाही. हे दोन्ही एकाच माणसाने करायचं. ज्याने बसवलं त्यानेच उठवायचं. दुसऱ्याने उठवलं तर लोक उठतात, पण गुडघे धरून.

पेत्रोव्रिसीत हे काम झिसिसकडे होतं. त्याच्या आधी त्याच्या बापाकडे, त्याच्या आधी आजाकडे. झिसिस साठीला टेकलेला, बुटका, जाड मिशांचा माणूस. जत्रेत तो कोणाशी बोलायचा नाही आणि जत्रेबाहेर त्याला कोणी बोलताना थांबवू शकायचं नाही. मी त्याच्या ताफ्यात लाउतो वाजवतो. लांब मानेचं तंतुवाद्य आहे ते. एरवी यानिना शहरातल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. दोन्हीकडे माझं काम एकच आहे: मागे राहून ठेका धरायचा आणि पुढे कोणी ऐकत असेल अशी अपेक्षा ठेवायची नाही. व्हायोलिनवर फोटिस. तोंडाने तो जेवढं वाजवतो तेवढं हाताने वाजवत नाही.

यानिनाच्या जुन्या बाजारात वासिलाकिसचा कॉफीखाना होता. तो वाजवणाऱ्यांचा कॉफीखाना. ईस्टर झाला की गावोगावच्या मंडळांचे अध्यक्ष तिथे यायचे. काम मागणं हलकेपणाचं, आणि काम देतो म्हणणं त्याहून हलकेपणाचं, त्यामुळे कोणी कोणाला काही विचारायचं नाही. अध्यक्ष कोपऱ्यात बसायचा, बर्फ यंदा किती टिकलं यावर बोलायचा, ताफ्यांकडे बघून न बघितल्यासारखं करायचा, आणि जाता जाता ज्याचा ताफा हवा त्याच्या टेबलावर त्सिपुरोचा, म्हणजे द्राक्षाच्या दारूचा, ग्लास पाठवायचा. ग्लास उचलला की जत्रा ठरली. सगळ्या उन्हाळ्याची उलाढाल त्या एका खोलीत, धुरात, एक ओळ न लिहिता व्हायची. झिसिसकडे कधी व्हिजिटिंग कार्ड नव्हतं. खुर्ची होती. खिडकीजवळची.

मग वासिलाकिस गेला आणि मुलांनी जागा विकायला काढली. शेवटच्या वसंतात कॉफीखान्यात आम्ही तिघं, दोन ढोलकीवाले आणि एक अडत्या एवढेच बसायचो. तिथे एके दिवशी पेत्रोव्रिसीचा अध्यक्ष पेरिक्लिस आला. हा जन्मभर जर्मनीत, श्टुटगार्टला, एका कारखान्याच्या हिशेबखात्यात होता. निवृत्त झाल्यावरही तिथेच राहतो, ईस्टरला आणि उन्हाळ्यात गावी येतो आणि गावाला शिस्त लावतो. मनाने सरळ. इतका सरळ की त्याला वळवता येत नाही.

तो कोपऱ्यात न बसता थेट आमच्या टेबलाशी आला, तेव्हाच मला शंका आली.

“झिसिस, वाईट वाटून घेऊ नकोस,” तो म्हणाला.

“कोण गेलं?” झिसिसने विचारलं.

“कोणी नाही रे. यंदापासून मंडळ ताफा ‘ग्लेन्दी’वरून ठरवणार आहे.”

ग्लेन्दी म्हणजे अथेन्समधल्या काही जणांनी काढलेलं ॲप. त्यात वाजवणाऱ्यांनी आपलं पान उघडायचं, आपलं वाजवलेलं टाकायचं, एकमेकांच्या कलेला शिफारशी द्यायच्या. ज्याला ताफा हवा त्याने विभाग निवडायचा, ऐकायचं, तारे मोजायचे आणि बटण दाबायचं. तोपर्यंत आम्ही त्याच्याबद्दल फक्त थट्टेत बोलत होतो.

“निम्मे सभासद मेलबर्नला आहेत,” पेरिक्लिस म्हणाला. “त्यांनाही मत द्यायचंय.”

“त्यांना जत्रेला यायचंय?”

“यायचं नाहीये. मत द्यायचंय.”

“माझा आजा वाजवायचा तुमच्याकडे,” झिसिस म्हणाला. “तुझ्या लग्नात मी वाजवलंय, पेरिक्लिस. तुझी बायको टेबलावर नाचली होती.”

“मला आठवतंय. पण त्याची नोंद नाही ना.” तो खरोखर हळहळला. “तू तुझं पान उघड. पहिलं मत माझं. यादीत नसलेल्याला मी मत कसं देणार, सांग?”

जाताना त्याने सगळ्यांच्या कॉफीचे पैसे दिले. ग्लास पाठवला नाही. झिसिस दारापर्यंत त्याच्याकडे बघत राहिला.

“पेत्रोव्रिसी गेलं तर बाकीची गावं पण जातील,” तो मला म्हणाला. “लोक काय म्हणतील? ज्याला बापाचं गाव राखता आलं नाही, त्याला आपलं कशाला द्या?”

पान उघडलं त्याच्या मुलीने. एव्दोकिया औषधांच्या दुकानात काम करते आणि घरात फोनचं जे काही बिघडतं ते तिच्याकडे जातं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. अनथीवहिनी, म्हणजे झिसिसची बायको, पालकाची पोळी भाजत होत्या.

“बाबा, स्वतःबद्दल तीन शब्दांत सांगा.”

“क्लॅरिनेट वाजवतो.”

“हे दोन झाले.”

“मग ‘चांगलं’ घाल.”

“सगळेच ‘चांगलं’ घालतात.”

“खोटं बोलतात,” झिसिस म्हणाला.

मग ती म्हणाली, आता तुमचं सगळ्यात चांगलं जे असेल ते एकच वाजवा. झिसिसने वहिनींना चुलीवरचा पंखा बंद करायला सांगितला, क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पट्टी ओठांत भिजवली, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि विलाप वाजवला.

आमच्या धंद्यातल्या कोणीही तेच केलं असतं. वासिलाकिसकडे कोणी नवा पोरगा आला, तर त्याला नाच वाजवायला कोणी सांगत नसे. नाच कोणालाही येतो. मागे ढोलकी असली की बाजू सांभाळली जाते. विलाप वाजव, म्हणायचे. त्यात पोरगा उघडा पडायचा. झिसिसने स्वयंपाकघरात जो वाजवला तो मी ऐकलेल्यांतला फार वरचा होता. वहिनींनी पोळी जळू दिली. एव्दोकियाने डोळे पुसून बटण दाबलं. मी पदवीधर माणूस आहे, मलाही त्यात वावगं दिसलं नाही.

शिफारशी द्यायला आम्ही सगळे धावलो. फोटिसने लिहिलं, “हा वाजवायला लागला की मेलेला उठून बसतो.” ढोलकीवाल्याने लिहिलं, “माझ्या आईच्या चाळिसाव्याला हाच हवा, आई अजून जिवंत आहे तरी.” असली वाक्यं कॉफीखान्यात रोज व्हायची आणि धुराबरोबर छताला जायची. इथे ती झिसिसच्या फोटोखाली राहिली.

विभाग माणसाने निवडायचा नसतो, असं एव्दोकियाने सांगितलं. यंत्र स्वतः ऐकतं, लिहिलेलं वाचतं आणि ठरवतं. वशिला चालू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राने ठरवलेलं होतं. झिसिसच्या नावाखाली काळ्या पट्टीत लिहून आलं: अंत्यविधी व स्मरण. आणि खाली: संपूर्ण ग्रीसमध्ये पहिला.

“पहिला!” झिसिस म्हणाला. मग त्याने वरची ओळ वाचली.

पहिला येणं कठीण नव्हतं, कारण त्या विभागात दुसरं कोणीच नव्हतं. आमच्याकडे अंत्ययात्रेत वाद्य वाजत नाही. पाद्री म्हणतो ते म्हणतो, बाया रडतात त्या रडतात. मध्येच कोणी क्लॅरिनेट काढला, तर त्यालाही त्याच खड्ड्यात घालतील. अथेन्सच्या यंत्राने असा धंदा शोधला होता जो कोणी करत नव्हतं, आणि त्यात झिसिसला अग्रस्थान दिलं होतं.

तो शनिवार-रविवार हसण्यात गेला. सोमवारी कोनित्साहून फोन आला. तिथल्या एका लग्नाचं काम हिवाळ्यातच ठरलेलं होतं. नवरीची आई बोलत होती. झिसिसने फोन मोठ्या आवाजावर टाकला, कारण त्याला अजून ती गंमतच वाटत होती.

“झिसिसकाका, तुमच्याबद्दल आदर आहे हो. पण मुलीच्या सासूने फोनवर बघितलं. तुमच्या नावाखाली जे लिहिलंय ते.”

“ते यंत्राने लिहिलंय, बाई.”

“यंत्राला काहीतरी दिसलं असेल म्हणूनच ना? माझी एकुलती एक मुलगी आहे, काका. थू, थू, थू.” नजर लागू नये म्हणून थुंकण्याची आमची पद्धत आहे, आणि फोनवरून ती फार स्पष्ट ऐकू येते. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. देवाने तुम्हाला भरपूर काम द्यावं.” मग कसलं काम ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने घाईने फोन ठेवला.

दुरुस्ती म्हणून एव्दोकियाने लग्नाचं गाणं टाकलं. नवरी आईच्या उंबऱ्यातून निघते तेव्हाचं. यंत्राने ते ऐकलं आणि लिहिलं: निरोप, कायमचा, अंत्यविधी व स्मरण. मग एक नाच टाकला. पण आमचा नाच म्हणजे काही उड्या नव्हेत. आमच्याकडचा माणूस जमिनीला विचारून पाय उचलतो. यंत्राने त्याला वेगळा विभाग दिला: मनःशांती व झोप.

“सुधारणा आहे,” फोटिस म्हणाला. “मेला होता, आता नुसता झोपलाय.”

झोपेच्या विभागात त्याला जगभरातून श्रोते मिळाले. कोपनहेगनच्या कोणा बाईने लिहिलं की तुमच्यामुळे मला पुष्कळ महिन्यांनी शांत झोप लागली, तुमचे कसे आभार मानू. झिसिसने ते एव्दोकियाकडून तीनदा वाचून घेतलं. आयुष्यभर ज्याने डोंगर जागे ठेवले, त्याला हे कसं घ्यावं कळेना. शेवटी म्हणाला, “तिला लिही, पुढच्या वेळी खिडकी बंद करून ऐक, सर्दी होईल.”

तक्रारीच्या खिडकीत कोणी ‘मारिलेना’ होती. एव्दोकियाने तिला सविस्तर लिहिलं की माझे वडील लग्नं आणि जत्रा वाजवतात, अंत्यविधी नव्हे, या चुकीने त्यांचा धंदा मरतो आहे. मारिलेनाने लगेच उत्तर दिलं: आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

जुलैत पेत्रोव्रिसीचं मतदान झालं. ‘जत्रा’ हा विभाग उघडून सभासदांनी मतं दिली आणि मेनेलाओसचा ताफा निवडून आला. हा मेनेलाओस एका हिवाळ्यात झिसिसकडे शिकायला यायचा. आता त्याच्याकडे ट्रक होता, रंगीत दिवे होते, धूर सोडणारं मशीन होतं, कीबोर्ड होता, आणि त्याचे व्हिडिओ यंत्राला पहिल्या दमात आनंदी वाटायचे. पोरगा वाईट नाही. क्लॅरिनेट स्वच्छ वाजवतो, धुतलेल्या बशीसारखा.

पेरिक्लिस गावी आला तो रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला एव्दोकियाच्या दुकानात गेला.

“मी शोधलं गं पोरी,” तो तिला म्हणाला. “‘जत्रा’ विभागात वरपासून खालपर्यंत शोधलं. तुझ्या बाबांचं नाव नव्हतं.”

“काका, तुम्हाला त्यांचं घर माहीत आहे.”

“घराला मत कसं देणार?”

इथे प्रकरण संपलं असतं. पण पेत्रोव्रिसीत वासिलो नावाची म्हातारी आहे. तिचा नवरा स्टेफानोस त्या हिवाळ्यात गेला होता. तिने पेरिक्लिसला चर्चच्या पायरीवर गाठलं आणि सांगितलं, “माझ्या माणसासाठी झिसिस वाजवेल. नाहीतर मी दार लावून आत बसेन. आणि चौकातल्या दिव्यांची वायर माझ्या मीटरला जोडलेली आहे, एवढं त्या मेलबर्नवाल्यांना कळव.”

पेरिक्लिस रात्रभर जागला म्हणतात. सकाळी त्याला मार्ग सापडला. मंडळाचा ठराव मोडायचा नव्हता, ॲपबाहेर कोणाला बोलवायचं नव्हतं, आणि वायर तर हवी होती. त्याने ग्लेन्दी उघडलं, ‘अंत्यविधी व स्मरण’ विभागात गेला, तिथल्या एकमेव नावावर बोट ठेवलं आणि जत्रेच्या दिवशी, पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळी, एका विलापापुरतं झिसिसला ठरवलं.

“जाऊ नका,” अनथीवहिनी म्हणाल्या. “बापाच्या गावात पाहुण्यासारखं जायचं? तेही असल्या नावाने?”

झिसिस क्लॅरिनेटची पेटी घेऊन जिना उतरला. गाडीत मात्र बोलला. मी त्याला घेऊन जात होतो, कारण लाउतोवाल्याला ॲपने बोलावलं नव्हतं आणि ड्रायव्हरला कोणी विचारत नाही. लाउतो मागच्या सीटवर होता. तो उन्हाळाभर तिथेच असतो.

“स्टेफानोससाठी वाजवायलाच हवं, मास्तर. पण मग? लोकांना तसंच खाली बसवून मी निघून येऊ? विहिरीत उतरवलं आणि दोर घेऊन घरी गेलो, असं झालं ते.”

“मेनेलाओस उठवेल.”

“उठवेल. स्पीकरने.” बऱ्याच वळणांनंतर तो म्हणाला, “पहिला नाच मला मिळाला तर गाव माझं. नाही मिळाला तर मी यंत्राने म्हटलं तोच.”

चौकात व्यासपीठ बांधलं होतं. आम्हाला बघून मेनेलाओस खाली आला.

“उस्ताद, मी कीबोर्ड बंद ठेवतो. दिवे पण. धुराचं मशीन...” तो ओशाळला. “ते तापलंय, पण मी त्याच्यावर गोणपाट टाकतो.”

“टाक,” झिसिस म्हणाला. “आणि खोकू नकोस.”

तो व्यासपीठावर चढला नाही. चिनाराच्या बुंध्याशी खुर्ची ठेवून बसला. वर्षभरात गेलेल्यांची नावं पाद्र्याने घेतली, स्टेफानोसचं शेवटी. मग क्लॅरिनेट खालच्या सुरावरून निघाला, जणू कोणी अंधाऱ्या जिन्यावर हाताने भिंत चाचपडत वर येतंय. वरच्या सुराला पोचायचा, तिथे टिकायचा नाही, घसरत खाली यायचा, पुन्हा निघायचा. वासिलो टेबलावर दोन्ही हात उलटे ठेवून बसली होती. शेजारच्या टेबलावर श्टुटगार्टहून आलेला कोणाचा तरी जावई फोन काढत होता. त्याच्या सासूने तो त्याच्या हातातून घेऊन पावाच्या टोपलीत ठेवला. शेवटचा सूर इतका बारीक गेला की तो संपला केव्हा आणि डोंगरातला रातकिडा सुरू झाला केव्हा, ते मला सांगता येणार नाही. ध्वनी हा माझाच विषय आहे, तरी.

त्या शांततेत पेरिक्लिसच्या खिशात घंटी वाजली. ॲप कळवत होतं की काम पूर्ण झालं.

झिसिसने क्लॅरिनेट मांडीवर ठेवला. व्यासपीठावर मेनेलाओसचा ढोलकीवाला काठ्या उचलून वाट बघत होता. कोणीच हललं नाही. तेव्हा वासिलो उठली, चालत झिसिससमोर आली आणि काळ्या बाहीतून पांढरा रुमाल काढून तिने पुढे धरला. नाच सांगायची आमची पद्धत हीच.

“स्टेफानोसचा,” ती म्हणाली. “जड वाजव. माझे पाय दुखतात.”

“वासिलोआजी,” पेरिक्लिस हळूच पुढे आला, “झिसिसचं काम झालंय. ठरल्याप्रमाणे आता...”

“तू कोणाचा रे?”

“मी पेरिक्लिस. थोमासचा.”

“थोमासचा? मग बस खाली. तुझा बापही नाचाच्या मध्ये बोलायचा.”

झिसिसने तिच्याकडे बघितलं नाही, पेरिक्लिसकडे बघितलं नाही; तो मेनेलाओसकडे बघत होता. जत्रा आता त्याची होती. विचारायचं नसतं, आणि त्याने विचारलं नाही. मेनेलाओसने गळ्यातला क्लॅरिनेट काढून बाजूला ठेवला.

“धरा, उस्ताद.”

मी गाडीकडे पळालो. लाउतो जुळवायला वेळ नव्हता, तसाच वाजवला. वासिलो पुढे, मागे तिच्या सुना, मग गाव. म्हातारी पाय उचलत नव्हती. जमीन तिला थोडी थोडी वर देत होती. पेरिक्लिसही रांगेत शिरला आणि रडत नाचला. जावयाने पावाच्या टोपलीतून फोन काढला आणि मेलबर्नला ते सगळं दिसलं, तिथून पडद्यावर लाल बदाम आले. एकच नाच झाला. मग झिसिसने मेनेलाओसला हाताला धरून आपल्या जागी आणलं, त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि आम्ही निघालो. परतताना तो गाडीत घाटभर बोलत होता. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेन्दीने पेरिक्लिसला प्रश्न पाठवले. सेवा ठरल्याप्रमाणे मिळाली का? हो किंवा नाही. पेरिक्लिस कॉफी घेऊन बसला. ठरला होता विलाप. मिळाला विलाप अधिक नाच. त्याने जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले होते आणि जास्त आलेला मालसुद्धा चुकीचाच माल असतो हे त्याला माहीत होतं. त्याने ‘नाही’ दाबलं.

यंत्राने कारण विचारलं. ‘जास्त आणि फार चांगलं’ असं कारण यादीत नव्हतं. उशिरा आला, आलाच नाही, मद्यधुंद होता, प्रसंगाला न शोभणारं वर्तन. पेरिक्लिसने पुष्कळ विचार करून त्यातल्या त्यात जवळचं, शेवटचं, निवडलं आणि तपशिलात ‘नाचही वाजवला’ असं लिहिलं.

दुपारपर्यंत झिसिसचं पान बंद झालं. शोकप्रसंगी नृत्यसंगीत वाजवल्याबद्दल, ईस्टरपर्यंत.

एव्दोकियाने पेरिक्लिसला दुकानातच धरलं. तो श्टुटगार्टला परतण्याआधी गोळ्या घ्यायला आला होता.

“काका, तुम्ही ‘हो’ का नाही दाबलंत? एक बोट हलवायचं होतं!”

“कारण खरं उत्तर ‘नाही’ होतं, पोरी.” त्याचे डोळे भरून आले होते. “मी त्यांना तीन पत्रं लिहिलीत. तिन्हीला सहानुभूतीचं उत्तर आलं.”

घरी हे कळल्यावर झिसिस फक्त म्हणाला, “तो खोटं बोलला नाही.” आमच्याकडे एखाद्याबद्दल याहून वाईट बोलत नाहीत.

त्या शरदात त्याला काम नव्हतं. यंत्राने जिथून काढलं ती जागाही अंत्यविधीची होती. लोकांना एवढंच कळलं की हा तिथेसुद्धा चालला नाही. नोव्हेंबरात मी त्याच्याकडे गेलो, तर जिन्यातच क्लॅरिनेट ऐकू आला आणि मला वाटलं रेडिओ लागलाय. झिसिस स्वयंपाकघरात फोनवरच्या ठोक्यावर वाजवत होता. जलद. मधल्या सगळ्या मींडा काढून टाकलेल्या, सूर एकेक करून खिळ्यांसारखे ठोकलेले. अनथीवहिनी शेजारणीकडे जाऊन बसल्या होत्या.

“ईस्टरला पान उघडेल,” तो म्हणाला. “तेव्हा हे टाकायचं. एव्दोकियाने तपासून बघितलं, यंत्र याला ‘आनंदी’ म्हणतं. कसं वाटतं?”

“झोप लागणार नाही कोणाला.”

“ते चांगलं की वाईट, मास्तर?”

मी म्हणालो, चांगलं. हिवाळाभर तो तसंच वाजवत राहिला. एकदा मी विलाप धर म्हणालो. त्याने धरला, पण वरच्या सुरावरून घसरायची जागा आली तेव्हा बोटं सरळ उतरली. तो थांबला, पट्टी तपासली, दोष पट्टीचा नव्हता.

फेब्रुवारीत ग्लेन्दी बंद पडलं. पैसे लावणाऱ्यांनी हात काढून घेतला, असं पेपरात चार ओळींत आलं. पानं, तारे, शिफारशी, कोपनहेगनच्या बाईचं पत्र, सगळं एका दिवसात गेलं. त्या दिवशी झिसिसने आम्हाला त्सिपुरो पाजला. आता पुन्हा माणसं माणसांना विचारतील, तो म्हणाला. ईस्टरनंतर तो बरा कोट घालून रोज जुन्या बाजारात चक्कर मारू लागला. वासिलाकिसच्या जागी आता पर्यटकांना उतरायला दोन खोल्या आहेत. त्यांच्या दारासमोर तो थोडा वेळ उभा राहायचा, कोणी अध्यक्ष चुकून आलाच तर.

मे महिन्यात पेत्रोव्रिसीच्या मंडळाने ताफा ठरवायचं काम अध्यक्षांवर सोपवलं. पेरिक्लिसने श्टुटगार्टहून मेनेलाओसला फोन केला. आदल्या वर्षी ट्रक कुठे लावायचा ते सांगण्यासाठी घेतलेला त्याचा नंबर फोनमध्ये होता, झिसिसचा नव्हता.